शिबिराला गेलेली मुलगी

आई, सकाळपासून मी घरभर नुसती फिरतेय. चहा दोनदा ठेवला, दोनदा उतू गेला. निफाडहून काकूचा फोन आला होता. तिची सून पिते. सकाळी घोटभर पोटात गेल्याशिवाय तिच्या हातात बशीसुद्धा ठरत नाही म्हणे. काकू म्हणाली, "तुला तुझ्या आईनं इगतपुरीला शिबिराला धाडलं व्हतं ना, लय शांत होऊन आली तू. हिलाबी तिथंच टाकते. डोळे मिटून गप बसंल, सुटंल आपोआप. पत्ता दे." "बघते" म्हणून मी फोन ठेवला. तू जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुझी थाप अजून ठणठणीत आहे.

तांदळाच्या डब्यात माझी बाटली सापडली, त्या दिवशी तू हात उगारला नाहीस. माझे केस विंचरलेस, घट्ट वेणी घातलीस आणि मला नाशिकला बायकांच्या व्यसनमुक्ती केंद्रात आणून सोडलंस. गावात सांगितलंस, पोरगी ध्यानाच्या शिबिराला गेलीय, तिथे फोन चालत नाही, भेटूही देत नाहीत. तुला हे सुचलं कसं, देव जाणे. स्वतः मात्र दर रविवारी एसटीने यायचीस. पहिल्याच रविवारी फाटकावरच्या बाईंनी तुझे डिंकाचे लाडू एकेक फोडून तपासले, तेव्हा केवढी भडकलीस! "माझ्या लाडवात काय दारू भरलीय?" पुढच्या रविवारी तू लाडू वळलेच नाहीस. डब्यातलं सारण त्यांना दाखवलंस आणि, अजून दिसतेस मला, माझ्याशेजारी बाकावर बसून वळतेयस. गार झालेलं सारण नीट वळत नाही, तरी मुठीत दाबत राहतेस. माझ्याकडे बघत नाहीस.

घरी आल्यावर बायका म्हणायच्या, चेहऱ्यावर काय तेज आलंय! तू कानात सांगायचीस, जरा डोळे मिटून बस. मी बसायचे. तेव्हा हसू यायचं, पुढे राग येऊ लागला. दारू मी सोडली, आणि ती सोडली हे सांगायचीच चोरी. इथे नाशिकला दारू सोडलेल्या बायकांच्या गटात मी सगळं मोकळेपणी बोलते, निफाडला गेले की पुन्हा शिबिराला गेलेली मुलगी. तुला माझी लाज वाटली, हे अजून टोचतं. हेच तुला सुनावायला आज लिहायला बसले.

पण बसवेना. रोजची दारू अशी एकाएकी तोडली की फिट येऊ शकते. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या बाईला आली होती, डॉक्टर जवळ होते म्हणून वाचली. काकूच्या सुनेला तिथे शिबिरात कोण बघणार? आत्ता मध्येच उठले आणि काकूला फोन लावला. एका दमात सांगून टाकलं, मी इगतपुरीला गेलेच नव्हते, मी दारू प्यायचे, केंद्रात होते. आणि हिला आधी डॉक्टरकडे ने, आजच, मग केंद्रात ठेव.  काकू हळूच म्हणाली, "नेते बाई. पण लोकांला काय सांगू गं?"

आई, मी अडखळलेसुद्धा नाही. "सांग, शिबिराला गेलीय. तिथे फोन चालत नाही."

आता पुढे काय लिहू? हा कागद घडी घालून तांदळाच्या डब्याखाली सरकवते. रविवारी त्या पोरीला भेटायला जाईन म्हणते. लाडू न वळताच नेईन.