अर्धवट पाहिलेला सिनेमा

माय, जुन्या काळातला सिनेमा टीव्हीवर लागला की मी अजूनही राणीच्या मागं उभ्या असलेल्या बायांकडेच बघते. ही खोड तुझी. मी दहावीत होते. कारंज्याच्या बाजारातलं काम लवकर आटोपलं, आपल्या गावाची, इंझोरीची एसटी यायला तीन तास होते, आणि मी हट्ट धरला म्हणून तू जन्मात पहिल्यांदा टॉकीजमध्ये आलीस. पडद्यावर घोडे, पालख्या, नऊवारीतल्या राण्या. मी दागिने बघत होते, तू राणीच्या मागं घागर घेऊन उभ्या बाईकडे बोट दाखवलंस. "थे पाय, तिची घागर रिकामीच हाये!" तू एवढ्या मोठ्यानं म्हणालीस की पुढची माणसं मागं वळून हसली. मला मान वर करवेना.

मग सिनेमात दुष्काळ पडला. गाव उठून चाललंय, आणि एक बाई आपल्या लहान पोरीला देवळाच्या पायरीवर बसवून सांगतेय, मी आलेच. तू उठलीस आणि लोकांचे पाय तुडवत बाहेर गेलीस. मी चिडून मागोमाग आले, तर तू भिंतीला टेकून उभी.

"काय झालं व माय? अर्धा सिनेमा राह्यला."

"माह्या आजीनं बी अशीच एक पोरगी मांगं ठेवली होती. मोठ्या दुष्काळात. याच गावात, एका कासारणीपाशी."

"मंग? नेली का परत?"

"नाई."

"काहून?"

"मले का मालूम! आजी तिचं नाव बी घेत नव्हती."

दर बाजाराला तू कारंज्यातल्या म्हाताऱ्या बायांच्या तोंडाकडे का बघत राहतेस, ते मला तेव्हा कळलं. मी तुझा हात धरला आणि आपण बांगड्यांची दुकानं विचारत निघालो. प्रत्येक दुकानापाशी तू "राहू दे व, चाल" म्हणायचीस, आणि पुढच्या दुकानाकडे माझ्याआधी पोचायचीस.

चौथ्या दुकानात ऐंशीच्या घरातली एक कासारीण बसली होती. तिनं सगळं ऐकलं आणि तुला जवळ बसवलं. "होती," ती म्हणाली. "माह्या सासूनं वाढवली तिले. मी नवरी होऊन आली तवा तिचं लगन व्हायचं होतं. बाजाराच्या दिशी सकाळपासून ओट्यावर बसे. माय येते म्हणे."

"आता कुठी हाये?" मी विचारलं.

"पयल्या बाळंतपणातच गेली, बाई."

तू दुकानाच्या ओट्यावरून हात फिरवलास. मग हळूच विचारलंस, "मायवर राग होता का तिचा?"

"नाई व. नुसती वाट पाहे." म्हातारीनं तुझी हनुवटी धरली. "हनुवटी हीच होती तिची."

तुझी आजी परत का आली नसेल? लाजेनं, की पोरगी तिथं पोटभर जेवते म्हणून? मी अजून विचार करते. तू मात्र परतीच्या एसटीत वेगळंच विचारलंस, "त्या सिनेमातल्या पोरीले भेटली असंल का तिची माय?" पुन्हा बघून सांगेन, म्हटलं मी. आठ दिवसांनी शेजारच्या काकूंबरोबर कारंज्याला गेले, आणि घरी येऊन तुला सांगितलं: माय परत येते, पोरगी तिला ओळखते, दोघी एकमेकींच्या गळ्यात पडतात. तू चूल फुंकत होतीस. "बरं झालं," एवढंच म्हणालीस. त्या संध्याकाळपासून तू आजीबद्दल आपणहून बोलायला लागलीस. ती तापात काय बडबडायची, मुलींना कधीच का रागवायची नाही, ताटात एक घास का ठेवायची. मी ते सगळं वहीत लिहून घेत गेले.

तू जाऊन तीस वर्षं झाली. हे पत्रही त्याच वहीत राहील. त्या दिवशी मी पोचले तेव्हा टॉकीजवर दुसराच सिनेमा लागला होता, माय. तुला सांगितलेला शेवट माझ्या मनचा होता. खरा काय होता, ते मला आजही माहीत नाही.