चंद्राकडून शेवटचं अक्षर

सोमवार, ४
कट्ट-कडकट्ट. पहाटे जाग आली ती तारघरातल्या त्याच आवाजानं. तारघर जाऊन जमाना झाला, पण कानात टेबलं अजून मांडलेली आहेत — माझं, आणि समोर बोक्याचं. डोळे मिटून तार घ्यायचा, म्हणून बोका.
शुक्रवारी त्याच्या हृदयाचं ऑपरेशन. वहिनींनी मला एकट्याला सांगितलं, डॉक्टर खात्री देत नाहीत. त्याआधी आमचं जुनं वेड पुरं करायचं ठरलंय: तो त्याच्या गच्चीवरून, मी माझ्या, बिनतारी यंत्रानं तारेच्या टिकटिकीत चंद्रावर हाक आपटायची आणि एकमेकांची झेलायची.

मंगळवार, ५
चंद्र भरदुपारी उगवला, पुसट खडूच्या डागासारखा. शाळेत चंद्राच्या किती कविता घोकल्या! तो ओ देतो असं एकाही कवीनं लिहिलं नाही. माझीच टिकटिक अडीच सेकंदांनी परत आली — शेजारच्या वर्गातून कुणी हळूच म्हणावी तशी.
बोक्याची हाक नाही आली.

बुधवार, ६
वाऱ्यानं गच्चीवरची अँटेनाची तबकडी चंद्रावरून सरकवली. सावरेपर्यंत वेळ गेली. काही नाही.
सूनबाई चहा घेऊन गच्चीवर आली. म्हणाली, चंद्र कसला बाबा, सरकारी कचेरीच आहे, हाका मारून घसा बसला तरी कुणी बघत नाही. मग नेहमीचंच — सरळ फोन का करत नाही?
तिला परत समजावलं. त्याचं नाव मी ऐकायचं, माझं त्यानं. मग 'मिळालं' — खुणेचं एकच अक्षर — त्यावर उलट 'मिळालं'. ते शेवटचं अक्षर येईपर्यंत फोन बंद. फोनवर एवढंसं जरी विचारलं तरी सगळं बाद. तारघरात शिकलो ते हेच — न ऐकलेलं लिहायचं नाही.
"आणि त्यांना काही झालं तर?" ती म्हणाली.
चहा तसाच राहिला.

गुरुवार, ७
आला! खरखरीच्या तळाशी त्याचं नाव — तोच तो, शेवटचा ठोका किंचित लांबवणारा हात! मी 'मिळालं' धाडलं. पुन्हा धाडलं. पुन्हा.
नुसती खरखर. चंद्र समोरच्या पाण्याच्या टाकीमागे गेला.
माझं त्याला पोचलंच नाही, की त्याचं उत्तर वाटेत विरलं? संध्याकाळी तो दवाखान्यात दाखल होणार. फोनसमोर बसलोय. हात पुढे जातो, मागे येतो. एका अक्षरासाठी एवढा हट्ट! पण हट्ट दोघांचा आहे, मी एकटा कसा मोडू?

शुक्रवार, ८, सकाळ
मोडला. ऑपरेशनला नेण्याआधी त्याचा आवाज तरी ऐकावा म्हणून फोन लावला. वहिनींनीच उचलला. त्यांना बोलताना दम लागत होता.
"भावजी, हे खाटेवर नाहीत हो. पहाटेपासून नाहीत. कपडेही नाहीत."
सगळा दवाखाना शोधला म्हणाल्या. डॉक्टर खोळंबलेत. तुमच्याकडे काही बोलले होते का, विचारत होत्या. काय सांगू? चार दिवसांत आमचं बोलणं झालंय ते फक्त चंद्रावरून, तेही अर्धं.
हे सगळं माझ्याच हट्टापायी झालं का?

शुक्रवार, दुपार
बेल वाजली. दारात बोका. ओठ निळसर, मनगटावर दवाखान्याची पट्टी तशीच. चौकट धरून उभा. धाप आवरत पहिलं काय विचारलं, तर —
"आज चंद्र उगवला की माझ्या गच्चीवरून राहिलेलं अक्षर धाडतो, तू फोन नाही ना केलास रे?"