पदराची राहिलेली वीत

बाबा, मी बेटावर जाऊन आले. विमानात बसून, पासपोर्ट काढून, थेट बालीला. तुम्ही ऐकलं असतं तर आधी म्हणाला असता, "काहून वं, आपले तलाव आटले काय?" आणि मग चहा टाकायला सांगून शेजारच्या चार घरी ही बातमी पोचवून आला असता.

तुमच्या नातीनं नेलं मला. मी नाही-नाही म्हणत होते, पण खरं तर तेव्हा मला नागपुरात राहायचंच नव्हतं. आपलं घर दादानं बिल्डरला दिलंय. शहराबाहेर बेसाला त्याचा फ्लॅट झालाय, हवेशीर आहे, यात रागावण्यासारखं काही नाही. पण खड्ड्यात पाय सोडून विणायचा तुमचा माग तसाच होता आणि मागावर ते लुगडं. तुम्ही गेलात तेव्हा पदराची वीतभर वीण राहिली होती. आईनं शेवटपर्यंत त्याला कोणाची कात्री लागू दिली नाही. ज्यानं कापड मांडलं त्यानंच ते उतरवायचं, हा आपल्यातला नियम, आणि मांडणारा तर निघून गेलेला. दर दसऱ्याला ती मागाला झेंडूचं फूल वाहायची, वरची चादर झटकायची, कडुनिंबाचा पाला बदलायची. आता आईही नाही आणि दिवाळीनंतर घर पडणार. दादा फोनवर म्हणाला, "तूच काप वं बाई. माह्यानं नाही होत." मी म्हटलं, जाऊन येते, मग पाहू. म्हणजे सरळ पळाले.

समुद्र पाहिला. पाय बुडवले, पाणी खारट आहे याची खात्री करून घेतली आणि लेकीला म्हटलं, "झालं माह्यं. आता दुसरं काय हाय इथं?" ती म्हणाली, "आई, लोक समुद्रासाठी येतात इथं." म्हटलं, "येऊ दे ना. लोकाइले काम नसन." मग तिनं कपाळाला हात लावला आणि एक गाडीवाला ठरवून दिला. तो मुलगा मुंबईच्या पर्यटकांकडून थोडं हिंदी शिकलेला, आमचं छान जमलं. त्यानं मला डोंगरउतारावरची भातशेती दाखवली. आपल्या कुहीकडच्या धानाच्या बांध्या कोणी उचलून डोंगराला पायऱ्यांसारख्या लावून दिल्यात असं वाटलं. सगळे फोटो काढत होते, मी चिखलात उतरून लोंबी चोळून पाहिली, दाणा अजून दुधातच होता. बाजारात त्यानं मला मिरचीपासून जपायला सांगितलं. भिवापूरच्या मिरचीवर वाढलेली बाई, मी ती कच्चीच खाल्ली आणि डोळ्यांत पाणी आलं तरी त्याला कळू दिलं नाही. तिथे सकाळी प्रत्येक उंबऱ्यावर पानाच्या इवल्या द्रोणात फुलं ठेवतात, दुकानाच्याही, गॅरेजच्याही. तुम्हाला ते फार आवडलं असतं. वाळूत उताणं पडायला काही तुम्ही तयार झाला नसता.

मग एका गावातून जाताना आवाज आला. खट्, थांबून पुन्हा खट्. मी गाडी थांबवायला सांगितली. ओसरीवर माझ्याच वयाची एक बाई जमिनीवर पाय पसरून विणत होती, मागाचं एक टोक कमरेला बांधलेलं. मी तिच्याजवळ बसले आणि सवयीनं कापडावर नजर फिरवली. अर्ध्यावर मला ते दिसलं. अलीकडची वीण जराशी सैल, पलीकडची घट्ट. हात बदलला होता.

तुम्ही हे मला कसं शिकवलंत ते आठवतं? मी सातवीत आहे. तुम्हाला ताप आहे, लुगडं दुसऱ्या दिवशी द्यायचंय आणि तुम्ही झोपलेले पाहून मी गुपचूप मागावर चढते. पाय खालच्या पावड्यांना पोचत नाहीत म्हणून अर्धी घसरून बसते आणि दुपारभर धोटा फेकते. चार बोटं विणून होतात. तुम्ही उठता, ब्लँकेट पांघरून येता, कापडावरून अंगठा फिरवता. मला वाटतं आता शाबासकी. तुम्ही सगळं उसवता, एकेक धागा. मी रडत असते. उसवून झाल्यावर तुम्ही सरकून मला शेजारी जागा देता आणि म्हणता, "हात बदलला का कापड सांगते, पोरी. घेणाऱ्याले दिसू नये. आता माह्यासंगं विण." पोरींना आपल्यात धोट्याच्या कांड्यांवर सूत भरायला बसवायचे, मागावर नाही. तुम्ही मला बसवलंत. दादाला मात्र कधीच बसू दिलं नाही, त्याला शाळेत पिटाळलंत. तो अजून म्हणतो, बाबाचा जीव तुझ्यावरच जास्त.

तर त्या बाईच्या कापडात हात बदललेला पाहून तिच्यासाठी मलाच लाज वाटली. गिऱ्हाइकासमोर उघडं पडायला नको म्हणून मी गाडीवाल्याच्या कानात कुजबुजले, "यहाँ हाथ बदला है, उनको धीरे से बताना." त्या शहाण्यानं तिला मोठ्यानं सांगितलं. मला वाटलं, आता ही हाकलून देणार. ती हसायलाच लागली. माझा हात धरून तिनं माझं बोट सैल विणीवर ठेवलं आणि काहीतरी म्हणाली. मग ते घट्ट विणीवर आणलं आणि स्वतःच्या छातीला हात लावला. गाडीवाला म्हणाला, "वहाँ तक इसकी माँ. यहाँ से ये." तिची आई नऊवारीएवढं लांब म्हातारपण जगून गेली होती म्हणे आणि कापड अर्धं राहिलं होतं. विकायचं नव्हतंच ते. येणाऱ्या प्रत्येकाला ती ही जागा दाखवते. मी तिथे रडले बाबा, तिच्या ओसरीवर, आणि तिनं मला केळं दिलं.

आल्या-आल्या दादाकडे गेले. म्हटलं, कापायचं नाही, आधी विणायचं. "तुले येते का अजून?" त्यानं विचारलं. म्हटलं, पाहू. आपल्या जुन्या घरी आईनं डब्यात जपून ठेवलेलं सूत निघालं. आता पाय पावड्यांना नीट पोचतात, पण गुडघे कुरकुरतात. ताणा जुना, दर दोन फेऱ्यांना धागा तुटायचा आणि मी गाठ मारायचे. दादा शेजारी बसून कांड्या भरत होता, वाकड्यातिकड्या, आयुष्यात पहिल्यांदा. मी त्याच्यावर दोनदा ओरडले तर म्हणाला, "बाबासारखी बोलू नको वं." आणि तीच कांडी उलगडून पुन्हा भरायला घेतली. शेवटी मी त्याला मागावर चढवलं. शेवटची चार बोटं त्याची आहेत. ती इतकी वाईट आहेत की तुम्ही पाहिली असती तर ताप अंगात असता तरी उठून बसला असता. कात्री आम्ही दोघांनी मिळून धरली.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, त्याच पदराच्या घडीत ठेवणार आहे. लुगडं दादाकडे एक महिना, माझ्याकडे एक महिना असं ठरलंय. माझ्याकडे असतं तेव्हा मी ते मांडीवर घेऊन डोळे मिटते आणि अंगठा फिरवते. आधी तुम्ही, मग मी, मग दादा, सगळं बोटाला लागतं. तुम्ही म्हणाला असता, "हे त आंधळ्यालेही दिसन." दिसतंच आहे बाबा. पण मी उसवलं नाही.