चित्रांच्या मयताचं जेवण

डरहॅम, गुरुवार

ती. आर्डेलियाताईस,

धाकट्या थर्मनचा प्रभूच्या नावे नमस्कार. बसचा प्रवास सोसला असेल, गुडघा फार कुरकुरत नसेल, अशी आशा करतो. माझी तब्येत चांगली आहे. डोकं तेवढं ठिकाणावर नाही.

सोमवारी जेवल्या जेवल्या तू फिलाडेल्फियाची बस धरलीस, त्यामुळे पुढचा तमाशा तुला ठाऊक नाही. आपल्या काळ्या लोकांची विमा कंपनी बुडाली आणि आपल्याच चित्रकारांनी काढलेली तिची चित्रं न्यूयॉर्कच्या लिलावात चालली, हे तू जाणतेसच. कंपनीने कळवलं, चित्रांना निरोप द्यायला या. आता निरोप म्हटल्यावर आपली माणसं रिकाम्या हाताने येतात का? (जन्मभर विम्याचा हप्ता भरताना ज्यांची तोंडं पाहिली, ती चित्रं म्हणजे घरचीच.) सगळे काळे कपडे घालून आले, पास्टरांनी प्रार्थना केली, आणि तळलेली कोंबडी, कॉलर्डची पालेभाजी, मॅकरोनी यांनी टेबलं वाकली. लिलाववाल्या हॅलोरनबाई माझ्या कानाशी येऊन विचारतात, "वारलं कोण?" मी काय सांगणार, कपाळ! म्हटलं, "बाई, आधी जेवून घ्या."

घोळ झाला तो यानंतर. मयताच्या जेवणाहून आपल्यात कुणी पुडक्याशिवाय घरी जात नाही, आणि दारात पुडकी देणं हे चर्चचा द्वारपाल म्हणून माझं काम. चर्चचं जेवणखाण बघणाऱ्या वर्डेलबाईंनी केक तपकिरी कागदात बांधून टेबलावर ठेवले. लिलाववाल्यांनी लहान चित्रं तशाच कागदात बांधून (जगात दुसरं टेबल नव्हतं जणू) तिथेच ठेवली. मी पांढरे हातमोजे चढवून वाटत सुटलो. संध्याकाळी हॅलोरनबाईंच्या पेटीत एक चित्र कमी आणि एक केक जास्त निघाला!

हरवलं ते धुणं वाळत घालणाऱ्या बाईचं. आई कंपनीतली फरशी पुसून निघताना जिला रोज "येते गं" म्हणायची, तीच. वर्डेलबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "थर्मन, तुला दार सांभाळायला ठेवलं होतं, घर रिकामं करायला नाही!"

तुझा,
थर्मन

ता. क. गावातली सगळी पुडकी उघडून झाली, सगळीकडे केकच. तुझं तेवढं राहिलंय, आणि तू ते ईस्टरपर्यंत फ्रीजरमध्ये ठेवणार होतीस. कृपा करून लगेच बाहेर काढ. चित्र असेल तर हॅलोरनबाईंकडे पाठव, नाहीतर मी चोर ठरेन.

ता. क. दुसरा. वरचं सगळं हॅलोरनबाईंनी वाचून पाहिलं. आता त्या कॉफी आणायला गेल्यात, म्हणून घाईने लिहितो. मी मुद्दाम केलं का, हे विचारू नकोस. माझं मलाच नीट कळत नाही. पण त्या बाईला परक्या घरी धाडायला माझं मन होत नाही, ताई. केकच निघाला असं कळव. खोटं लिहवत नसेल तर काहीच कळवू नकोस. भिंतीत खिळा तेवढा मजबूत ठोक.