चौथं ताट

भाईंदर (प.),
१० नोव्हेंबर २०२४

चि. इशिता हीस आजीचे पोटभर आशीर्वाद.

पुण्याला सुखरूप पोचलीस ना? फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुझी आई ओरडून सांगते. त्यात वकीलसाहेबांनी केसबद्दल व्हॉट्सॲपवर अक्षर टाकायचं नाही असं बजावलंय. म्हणून हे पत्र. मी बोलतेय, शेजारची रेचल लिहितेय. समुद्राकाठच्या पालीची कोळीण आहे ती, माहेरी होड्या आहेत, पण अक्षर वळणदार आहे म्हणतात. तिने मध्ये स्वतःचं काही घुसवलं तर मला कळायचं नाही. तेव्हा शहाणपणाचं काही वाचनात आलं, तर ते तिचं समज.

काल शांती नगरला जाऊन तुझ्या बापाला बघून आले. नीरजचा चेहरा सुजून अनोळखी झालाय. डायलिसिसच्या मशीनवरून घरी आला की कुशीवर पडून असतो. डॉक्टर म्हणतात, किडनी अजून सावरू शकते, पण उपचारात खंड पडता कामा नये. म्हणजे सगळं सहल कंपनीकडून मिळायच्या भरपाईवर येऊन ठेपलं. कोलंबी पालीला मिळत होती गं. ती खाऊन आजारी पडायला व्हिएतनामला कशाला जायचं?

पितृपक्षात नका जाऊ, असं मी सांगितलं होतं. सहल कंपनीने त्याच पंधरवड्यात सूट दिली आणि तुम्ही भुललात. तुम्ही ज्या दिवशी ती कोलंबी खाल्लीत, तीच तुझ्या आजोबांची तिथी. मी इथे गॅलरीत पान ठेवलं. कावळा आला, एसीच्या डब्यावर बसला, पानाकडे बघितलं आणि उडून गेला. तिन्हीसांजेपर्यंत एकही शिवला नाही. दरवर्षी पान ठेवायचा अवकाश, झडप पडते. मनात आलं, हे आज गेले तरी कुठे?

कंपनीने काय उत्तर दिलं ते कळव. अंगठा उठवलाय, शाई सांडली ती रेचलची.

तुझीच,
आजी

---

पुणे,
२१ नोव्हेंबर २०२४

ती. आजीस इशिताचा शि. सा. न. वि. वि.

तुझा अंगठा मिळाला. शाई रेचलमावशीने सांडली नसणार, ते मला ठाऊक आहे.

कंपनीचं उत्तर आलंय आणि ते आम्हालाच खोटं ठरवतात. बाबा, आई आणि मी असे आम्ही तिघं गेलो. ते म्हणतात, त्या रात्री टेबलावर चौघं जेवत होते. हॉटेलातल्या वेटरचं प्रतिज्ञापत्रच जोडलंय. चौथा म्हणे एक सडपातळ म्हातारा, डोक्यावर पांढरी टोपी. त्याने तीच कोलंबी खाल्ली आणि त्याला काही झालं नाही. म्हणजे जेवण चांगलं होतं, तुम्ही बाहेर कुठे काहीतरी खाल्लं असेल. त्या माणसाला ग्राहक आयोगापुढे उभं करा, नाहीतर दावा मागे घ्या. आपण माणूस लपवला असं आयोगाला वाटलं तर सगळं संपलं, असं वकील म्हणाले.

मग आईने हळूच कबूल केलं. आजोबांची तिथी म्हणून तिने एक ताट जास्तीचं मागून घेतलं होतं. आमचं वाढून झाल्यावर तेही वाढलं, रिकाम्या खुर्चीपुढे ठेवलं आणि आजोबांना ‘बाबा, जेवायला या’ असं मनातल्या मनात म्हणाली. नंतर ते बाल्कनीत नेऊन ठेवणार होती, पण रात्री काय झालं ते तुला माहीतच आहे. आई बरी झाली ती बाबांच्या उशाशी बसायलाच. हे ऐकून वकिलांना हायसं वाटलं. ताटं चार म्हणून वेटरने माणसं चार धरली.

पण वेटरने वर्णन काय रंगवलंय! म्हणे जेवण झाल्यावर म्हाताऱ्याने ताटातच पाणी ओतून हात धुतले, नको म्हटलं तरी ऐकलं नाही. असं कोण करतं गं? त्याआधी म्हणे शेजारच्या मुलीचं ताटही ओढून घेऊन संपवलं. ती मी. मी फोन आला म्हणून बाहेर गेले होते. परत आले तर ताट रिकामं. वेटरने उरकलं असं समजून चिडले आणि आइस्क्रीम खाऊन झोपले. म्हणून तर एकटी धडधाकट राहिले. वकील म्हणतात, वेटरला पढवलंय.

लोभ आहेच, तो शेवेच्या लाडवांतून दिसू दे.

तुझी,
इशिता

---

भाईंदर (प.),
२ डिसेंबर २०२४

चि. इशिता हीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र रेचलने वाचून दाखवलं. वेटरपाशी आल्यावर तिला थांबायला सांगितलं आणि ते तेवढंच पुन्हा वाचायला लावलं.

तू आजोबांना पाहिलं नाहीस. तुझ्या जन्माआधीच, तुझी आई सून होऊन यायच्याही आधी गेले ते. भिंतीवरचा हार घातलेला माणूस तेवढा तुला माहीत. गेलेल्या माणसाच्या खोडी कुणी सांगत नाही, त्यामुळे ही तुझ्या आईलासुद्धा ठाऊक नाही. अगं, ते ताटातच हात धुवायचे. मोरी दोन पावलांवर, तरी ताटात. सगळा संसार मी त्यावरून भांडले. पाहुण्यांदेखत भांडले. दवाखान्यात शेवटची पेज प्याले, तेव्हाही वाटीत बोटं बुडवली होती.

व्हिएतनामच्या पोराला हे कोण पढवणार?

नीरजला सांगितलं.  तो म्हणाला की त्या रात्री टेबलाशी यांच्या तपकिरीचा वास येत होता, नंतर चढलेल्या तापात तसा भास झाला असं त्याला वाटलं होतं.

जिवंतपणी हा माणूस विरारच्या पलीकडे गेला नाही. सुनेने बोलावल्याबरोबर पासपोर्टही न काढता निघाला! एकदा मेलेल्याला कोलंबी काय करणार, म्हणून तुझं ताट ओढलं असेल. लेकाचं आणि सुनेचं ओढेपर्यंत त्यांनी खाल्लं असेल. यांचा हात पहिल्यापासूनच सावकाश.

मला काळजी वेगळीच लागलीय. पान ठेवून बोलावलं की निरोपही द्यावा लागतो. तुझ्या आईने दिला का? की सगळे ॲम्ब्युलन्समध्ये बसलात आणि ते खुर्चीवर तसेच राहिले? विचार तिला. इथे कावळा अजून फिरकत नाही. रेचल म्हणते, असलं लिवायचं न्हाय, तिला अंधारात जिना उतरायचा हाय. वकिलांना मात्र यातलं काही सांगू नकोस, फी वाढवतील.

आशीर्वाद देऊन थकणार नाही अशी,
आजी

---

पुणे,
६ मार्च २०२५

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

आधी चांगली बातमी. त्या हॉटेलबद्दल मी इंटरनेटवर लिहिलं होतं, ते वाचून वसईच्या शशिकांत राऊतांनी संपर्क केला. ते जानेवारीत तिथेच उतरले होते. त्यांच्या बसमधली कितीतरी माणसं त्याच जेवणाने आजारी पडली. ते जबाब द्यायला तयार झाले, बाकीच्यांची औषधांची कागदपत्रंही मिळाली. ती पाहिल्यावर कंपनीचा वकील स्वतः तडजोडीला आला. बाबांचे पूर्ण उपचार ते करणार, परवा सह्या झाल्या.

आता दुसरं. राऊतांच्या घरचे आजारी पडले नाहीत. का, असं मी सहज विचारलं. ते म्हणाले, शेजारच्या टेबलावर टोपीवाले एक आजोबा एकटेच बसले होते, त्यांनी मराठीत सांगितलं की कोलंबी घेऊ नका. आपल्याकडचा माणूस भेटला म्हणून राऊतांनी गाव विचारलं. ते म्हणाले, भाईंदर. आमची माणसं आजारी पडून घाईत घरी गेली, मला चला म्हणायचं राहिलं, म्हणून बसलोय.

वकिलांनी जबाबातून एवढा भाग गाळला. मला गाळता येत नाहीये.

आईला विचारलं. तिने निरोप दिला नव्हता. तेव्हापासून तिच्या घशाखाली घास उतरत नाही. बाबा तिकडे एकटे बसलेत, एवढंच म्हणते. काय करायचं, आजी? लवकर कळव.

तुझ्या मायेवर विसंबलेली,
इशिता

---

भाईंदर (प.),
२ मे २०२५

चि. इशिता हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा अक्षय्य तृतीया झाली. पितरांना पाण्याचा घडा द्यायचा दिवस, म्हणून मी तोवर थांबायला सांगितलं होतं. तुझे आईबाप आले. नीरजचं मशीन आता आठवड्यातून एकदाच, पुढे तेही सुटेल म्हणतात. जिना स्वतः चढला, मध्ये दोनदा टेकला, पण चढला.

तुझ्या आईने वरणभात केला, आमरस केला. कोलंबीचं नाव कुणी काढलं नाही. गॅलरीत ताट ठेवलं, शेजारी घडा झाकून ठेवला. मग तिने हात जोडून मोठ्याने सांगितलं की बाबा, नीरज बरा होतोय, आमचं चुकलं, आता घरी चला, जेवा आणि सुखाने जा. समोरच्या हंसाबेनला वाटलं, ही फोनवर बोलतेय.

कावळा काही आला नाही. आम्ही आत जाऊन जेवलो. बाहेर आलो तर जेवण फस्त. कावळा सांडतो गं, इथे शीत सांडलं नव्हतं. घड्यावरचं झाकण जागच्या जागी होतं आणि ताटात गढूळ पाणी होतं, त्यात भाताचं एक शीत तरंगत होतं.

रेचलने छातीवर क्रूसाची खूण केली. तुझ्या आईने माझा हात धरला. 

मी काय करणार? गॅलरीत उभी राहिले आणि त्यांना चांगलं फैलावर घेतलं. मोरी कुठे आहे ते सांगितलं, परदेशात लाज घालवलीत तेही सांगितलं. सगळी इमारत ऐकत होती. इतक्या वर्षांनी भांडले, घसा बसलाय. म्हणून हे पत्र दोन दिवस उशिरा.

कावळा काल सकाळपासून येतोय.

ताट मात्र मी अजून घासलेलं नाही.

तू आलीस की दाखवीन, तोवर जपून राहा, जपून जेव.

तुझीच,
आजी