तुझ्या कवितेचं मागचं पान

दादा,

मला माझीच किळस आलीय, म्हणून लिहितोय. तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

इथे बहरीनमध्ये आपल्या मराठी मंडळींनी सव्वीस जानेवारीचा कार्यक्रम केला. शहिदाचा भाऊ इथेच आहे म्हटल्यावर तुझी कविता मागितली. तू चौकीवरून पाठवलेला तो इंग्रजी कवितेचा कागद मी दिला. पुढच्या पानावर बर्फ, तिरंगा, तुझी पलटण. मागच्या पानावर मेलेल्या शत्रूच्या खिशातली अर्धी भाकरी, आणि टीव्हीवर बसून युद्ध मागणाऱ्यांना तू घातलेल्या शिव्या.

अध्यक्ष म्हणाले, "मागचं नको हो. लोक फॅमिली घेऊन येतात. पुढचं घेऊ, खलास!"

आणि मी मान डोलावली! नुसता नंदीबैल!

तुझ्या पुतणीनं, सईनं, कविता म्हटली. काय त्या घोषणा! सीमा नकाशातसुद्धा न सापडणाऱ्यांचे गळे सगळ्यात मोठे. मला शाल-श्रीफळ दिलं. शी! मी वाकून घेतलं रे.

मुहर्रकला घरी येताना सई म्हणाली, "बाबा, काका वॉज अँग्री. व्हाय डिड वी हाइड इट?" मी गाडीचा एसी वाढवला.

सुट्टीवर आलास की गोऱ्या शिपायांच्या युद्धकविता वाचून दाखवायचास, आठवतं? मी एकदा म्हणालो, हे तर देशद्रोही वाटतात. कसला भडकलास! "गाढवा, खंदकात उभा राहून बोलतोय तो. देशावर जीव नसता तर कधीच पळाला असता!"

पण तू तरी काय केलंस? मराठीत लिहिलं तर आई वाचेल, घाबरेल, म्हणून इंग्रजीत लिहिलंस. "तिला चांगलं तेवढं सांग," म्हणालास. तू गेल्यापासून नऊ वर्षं मी तेवढंच सांगतोय. मग अध्यक्षांना कुठल्या तोंडानं नावं ठेवू?

काल आईनं गावी कार्यक्रमाचा व्हिडिओ पाहिला. फोनवर म्हणाली, "सईच्या हातातल्या कागदाला मागल्या अंगाला बी लिवलंय की रं. काय म्हनतोय माझा लेक?"

"तेच परत लिहिलंय, आई."

 मग म्हणाली, "त्यो येकच गोष्ट दोनदा सांगनारा न्हवता."

थुंकावंसं वाटलं स्वतःवर.

दादा, शुक्रवारी मला सुट्टी आहे. मागचं पान आईला फोनवर मराठीत वाचून दाखवणार, शिव्यांसकट. तुला दिलेला शब्द मोडतोय. रडली तर रडू दे तिला. तिचा लेक तिला अख्खा कळू दे.

तुझा,
बाळू