आईला मोजायचं राहिलं

ताई,

पायावर डोकं ठेवून नमस्कार (मनातल्या मनात, कंबर धरली आहे). तुझा दमा कसा आहे? भावोजींची कवळी बसली का? इकडे सगळे ठीक, म्हणजे बाबा सोडून. त्यांना जाऊन आता पाऊण वर्ष होईल आणि घरात अजून कोणी मोकळेपणी रडलेलं नाही, कारण आधी वाटणी उरकून घेऊ असं ठरलं.

वाटणीवरून भांडायचं नाही, हे दादाने बाबांचा फोटो भिंतीला लागायच्या आधीच जाहीर केलं. आपलं घर समंजस आहे म्हणे. (समंजस म्हणजे तो बोलतो आणि मी मान हलवतो.) त्याने रजा काढून मोजायची टेप आणली, एक टोक माझ्या हातात दिलं आणि खोल्या, गॅलरी, माळा, जिन्याखालची सायकलची जागा, वरची पाण्याची टाकीसुद्धा मोजली. आई त्या टेपवरून पाय उचलून उचलून चहा आणत होती. टेप कपाटाच्या कोपऱ्यात अडकली तेव्हा तिनेच ती सोडवून दिली. तीन सारखे वाटे निघाले: त्याचा, माझा आणि तुझा. तुझा तू सोडून देणार हे गृहीतच, कारण तू दिल्या घरी सुखी आहेस. (आहेस ना?)

मग आम्ही तिघं वकीलबाईंकडे गेलो. त्यांच्या ऑफिसात फायली इतक्या की खुर्ची एकच रिकामी. ती आईला दिली आणि आम्ही उभे राहिलो. बाईंनी विचारलं, वारस किती? दादा म्हणाला तीन. मी म्हणालो तीन. आईनेही बोटांवर मोजलं आणि मान डोलावली, तीनच. बाईंनी चष्मा काढला आणि खुर्चीकडे बघून विचारलं, "आणि या कोण?"

"ही आमची आई," दादा म्हणाला. "नुसती बरोबर आली आहे. घरी एकटीला करमत नाही."

बाईंनी मग शांतपणे सांगितलं की नवऱ्यामागे बायकोचा हक्क मुलांइतकाच, तेव्हा वाटे चार. ताई, मेल्याहून मेल्यासारखं झालं गं. टाकी मोजली आणि आईला मोजायचं राहिलं! दादा पंख्याकडे बघायला लागला. आई बिचारी घाबरली. आपल्यामुळेच काहीतरी घोळ झाला असं वाटून ती बाईंना म्हणाली, माझं काही नाही हो, पोरांचंच लिहा.

हे वाक्य दादाला फार आवडलं. जाताना त्याने तिला चालवत नेलं होतं, येताना रिक्षा केली. आता बेत असा: आईने आणि तू हक्क सोडायचा, घर खालच्या डॉक्टरांना विकायचं (त्यांना दवाखाना वाढवायचा आहे), आणि आईने चार चार महिने आपल्या तिघांकडे आळीपाळीने राहायचं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग माझं कपाट कोणाकडे राहील?" दादा डॉक्टरांना फोन लावायला उठला. मी टेप गुंडाळत बसलो. शेंडेफळ पन्नाशीला आलं तरी शेंडेफळच, त्याला कोण विचारतो?

तरी ताई, येत्या गुरुवारी नोंदणी कचेरीत हक्कसोडपत्रावर सही करायला तू वेळेवर यावंस, ही आम्हा दोघा भावांची कळकळीची विनंती. दादाने आशीर्वाद सांगितला आहे. भावाबहिणींतली माया अशीच राहो.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र दादाने बघितलं. तो कुठलाही कागद शेवटून वाचतो आणि मनासारखं दिसलं की वर जात नाही, म्हणून शेवटचा परिच्छेद त्याच्यासाठी होता. पसंत पडला, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं आहे. ताई, गुरुवारी ये, पण सही करू नकोस. आई पुढे केलेल्या कुठल्याही कागदावर सही करील. तू अडून बसलीस तर डॉक्टर घर घेणार नाहीत आणि ती आहे तिथे राहील. तू म्हणशील, मग तू का नाही अडून बसत? दादापुढे माझी बोबडी वळते हे तुला ठाऊक आहे. तो एका तुलाच वचकून असतो.

ता. क. २. वकीलबाईंकडून आल्यावर आईने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं की तिच्या वाट्यात तिच्या खोलीच्या दाराला आतून कडी बसवता येईल का. आपण सगळे जन्मभर त्या खोलीतूनच गॅलरीत जात आलो, तिथे कडी कधी नव्हतीच. मी आज बसवून दिली. दोन स्क्रू वाकडे गेले, पण लागते. दुपारपासून ती दार लावून आत आहे. मघाशी न राहवून मी बाहेरून विचारलं, काय करते आहेस गं?

"काही नाही," ती म्हणाली. "बसले आहे."